वृक्षवलये आणि ज्वालामुखी उद्रेक

वृक्षवलयांच्या साहाय्याने ज्वालामुखी उद्रेकांचा अभ्यास ही वृक्षवलय-हवामानशास्त्राची एक शाखा आहे. वृक्षाच्या खोडात दरवर्षी तयार होणाऱ्या वलयांची रुंदी, घनता आणि पेशीरचना तपासून, एखाद्या मोठ्या उद्रेकानंतर पृथ्वीवरील हवामान किती काळ, किती प्रमाणात व कोणकोणत्या प्रदेशांत बदलले, हे या शाखेत ठरविले जाते. तापमापकाने घेतलेल्या पद्धतशीर नोंदी बहुतेक प्रदेशांत दीडशे-दोनशे वर्षांपलीकडे जात नाहीत. या अल्प काळात प्रचंड म्हणावेत असे उद्रेक मोजकेच झाले. त्यामुळे उद्रेक आणि हवामान यांच्यातील संबंध जाणून घेण्यासाठी त्यापूर्वीच्या शतकांकडे वळावे लागते. वृक्ष हे त्या शतकांचे साक्षीदार आहेत आणि त्यांच्या साक्षीचे वैशिष्ट्य असे, की ती नेमक्या वर्षासह मिळते.

वलयांची निर्मिती

समशीतोष्ण व शीत कटिबंधांत वृक्षांची वाढ ऋतूनुसार होते. साल आणि काष्ठ यांच्यामध्ये विभाजनक्षम पेशींचा एक पातळ थर असतो. वाढीचा हंगाम सुरू झाला, की हा थर आतल्या बाजूस नवे काष्ठ तयार करतो. हंगामाच्या आरंभी बनणाऱ्या पेशी मोठ्या पोकळीच्या व पातळ भित्तींच्या असतात. त्यांना पूर्वकाष्ठ म्हणतात. हंगामाच्या अखेरीस बनणाऱ्या पेशी लहान व जाड भित्तींच्या असतात; ते उत्तरकाष्ठ होय. फिकट पूर्वकाष्ठ आणि गडद उत्तरकाष्ठ मिळून एक वलय होते. थंडीत वाढ थांबते आणि पुढील वर्षी गडद पट्ट्याला लागून पुन्हा फिकट पट्टा सुरू होतो. डोळ्यांना दिसणारी रेषा ही या दोन वर्षांमधील सीमा असते.

वलये मोजणे म्हणजे केवळ बुंध्यावरील रेषा मोजणे नव्हे. प्रतिकूल वर्षी एखाद्या वृक्षात वलय तयारच होत नाही, किंवा खोडाच्या एका बाजूला होते व दुसऱ्या बाजूला होत नाही. कधी एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून एकाच परिसरातील अनेक वृक्षांतील रुंद-अरुंद वलयांचे क्रम परस्परांशी जुळवून पाहतात. या कृतीला परस्परजुळणी म्हणतात. जिवंत वृक्षांच्या आतील वलयांशी जुन्या इमारतींच्या तुळयांची, तुळयांशी दलदलीत वा सरोवरात गाडल्या गेलेल्या ओंडक्यांची जुळणी करीत कालश्रेणी मागे मागे नेता येते. वृक्ष तोडण्याची गरज नसते. पोकळ गिरमिटाने सालीपासून गाभ्यापर्यंत पेन्सिलीपेक्षाही बारीक असा लाकडाचा दंड काढून घेतात. वृक्ष ती जखम राळेने बुजवून टाकतो.

कोणत्या वृक्षाचे वलय काय सांगते, हे त्या वृक्षाला कशाची उणीव भासते यावर अवलंबून असते. कोरड्या प्रदेशात वाढ पाण्यावाचून अडते, म्हणून तेथील वलये पावसाची नोंद करतात. ध्रुवीय वृक्षसीमेवर किंवा उंच पर्वतांत पाणी असते, पण ऊब नसते. तेथील वलये तापमानाची नोंद करतात. ज्वालामुखींच्या अभ्यासात या दुसऱ्या प्रकारच्या वृक्षांना, विशेषतः पाइन, स्प्रूस, लार्च या सूचिपर्णी वृक्षांना महत्त्व आहे.

उद्रेकामुळे थंडी का पडते

ज्वालामुखीची राख सूर्य झाकते व म्हणून थंडी पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. राखेचे कण जड असल्याने काही दिवसांत वा आठवड्यांत खाली बसतात. खरा परिणाम सल्फर डायऑक्साइड या वायूचा असतो. उद्रेक पुरेसा जोरदार असेल, तर हा वायू पाऊस व ढग यांच्या वर, स्थितांबरात पोहोचतो. तेथे काही आठवड्यांत त्याचे गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतर होते. त्यांना धुऊन काढणारा पाऊस त्या उंचीवर नसल्याने हे थेंब वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून थोडे अधिक, तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशाचा काही अंश अवकाशात परत पाठवितात. विषुववृत्ताजवळच्या उद्रेकातील थेंब दोन्ही गोलार्धांत पसरतात. उच्च अक्षांशावरील उद्रेकाचे बहुधा आपल्याच गोलार्धात राहतात.

यावरून उद्रेकाचा आकार आणि त्याचा हवामानावरील परिणाम यांचे प्रमाण सरळ नसते, हे लक्षात येते. अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताचा १९८० मधील स्फोट नेत्रदीपक होता, पण त्यातून गंधक थोडे बाहेर पडले व जागतिक तापमानावर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम झाला नाही. याउलट फिलिपिन्समधील पिनाटुबोने जून १९९१ मध्ये सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात फेकला आणि पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. अर्धा अंश ही संख्या लहान वाटते. परंतु ती समुद्रासह सबंध पृथ्वीची सरासरी आहे. भूखंडांच्या अंतर्भागात, वाढीच्या हंगामात ही घट याच्या कितीतरी पट असू शकते.

येथे मराठी वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. या विषयावरील लेखनात ‘थंड उन्हाळा’ किंवा ‘उन्हाळ्याविना वर्ष’ असे शब्दप्रयोग येतात. तेथील उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट हे महिने. शीत कटिबंधात तोच पिकांचा व वृक्षवाढीचा एकमेव हंगाम असतो. आपल्याकडे थंड उन्हाळा म्हटले तर सुखद कल्पना मनात येते. तिकडे त्याचा अर्थ पीक न पिकणे आणि पर्यायाने दुष्काळ असा होतो.

लाकडातील खुणा

उद्रेकानंतरच्या थंडीच्या खुणा काष्ठात चार प्रकारे आढळतात.

सर्वांत सहज मोजता येणारी खूण म्हणजे वलयाची रुंदी. थंड वर्षी वलय अरुंद होते. मात्र या मापात एक मोठी त्रुटी आहे. वृक्ष आदल्या वर्षी साठविलेल्या अन्नावर वाढतो आणि सूचिपर्णी वृक्षांची पाने अनेक वर्षे टिकतात. एका वाईट वर्षी पाने कमी आली, तर त्याचे फळ पुढची काही वर्षे भोगावे लागते. परिणामी एका वर्षाची तीव्र थंडी रुंदीच्या आलेखात तीन-चार वर्षांच्या सौम्य थंडीसारखी पसरलेली दिसते. याला वृक्षाची स्मृती म्हणण्याचा प्रघात आहे.

उत्तरकाष्ठाची कमाल घनता ही खूण अधिक विश्वसनीय ठरली. पेशींची संख्या वाढणे थांबल्यानंतरही त्यांच्या भित्ती जाड होण्याचे काम हंगाम संपेपर्यंत चालू असते. त्यामुळे घनतेवर त्याच वर्षीच्या उबेचा प्रभाव पडतो, आदल्या वर्षाचा फारसा नाही. लाकडाच्या पातळ चकतीतून क्ष-किरण पाठवून ही घनता मोजतात. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात विकसित झालेले हे तंत्र स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ श्वाइनग्रुबर यांनी उत्तर गोलार्धातील शेकडो ठिकाणच्या वृक्षांना लावले आणि उद्रेकांच्या अभ्यासाला खरा पाया मिळाला.

तिसरी खूण हिमवलयाची. वाढीच्या ऐन हंगामात तापमान गोठणबिंदूखाली गेले, तर अर्धवट बनलेल्या पेशी चिरडल्यासारख्या विकृत होतात व ही विकृती कायमची राहते. चौथी खूण अलीकडे अभ्यासात आली. हंगाम लवकर संपला, तर पेशीभित्तींत लिग्निन पुरेसे साचत नाही. लाल व निळ्या रंजकांनी काष्ठाचा छेद रंगविला असता पक्व पेशी लाल होतात, तर या अपक्व पेशी निळ्या राहतात. अशा वलयांना नील वलये म्हणतात.

अभ्यासाचा आरंभ

वलयांची रुंदी पावसाळी व कोरड्या वर्षांशी संबंधित असते, हे लिओनार्दो दा विंची यांच्या लक्षात आले होते. तथापि त्याचे शास्त्र बनविण्याचे श्रेय अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ अँड्रू एलिकॉट डग्लस (१८६७–१९६२) यांना जाते. त्यांना सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्राचा पृथ्वीच्या हवामानाशी संबंध शोधावयाचा होता व त्यासाठी ते ॲरिझोनातील पाइन वृक्षांकडे वळले. सौरचक्राविषयीची त्यांची अपेक्षा समाधानकारकपणे पूर्ण झाली नाही, पण परस्परजुळणीची पद्धत मात्र त्या खटाटोपातून हाती आली. १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात त्यांनी वृक्षवलय संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली.

उद्रेक आणि थंडी यांची सांगड त्याहून जुनी आहे. १७८३ मध्ये युरोपवर पसरलेल्या कोरड्या धुक्याचा आणि त्यानंतरच्या कडक हिवाळ्याचा संबंध आइसलँडमधील ज्वालामुखीशी असावा, अशी शंका बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्येच व्यक्त केली होती. या दोन धाग्यांची गाठ पक्की बांधली गेली ती १९८४ मध्ये. व्हॅलमोर लामार्श आणि कॅथरीन हर्शबॉक यांनी कॅलिफोर्नियाच्या व्हाइट पर्वतरांगेतील व आसपासच्या राज्यांतील ब्रिसलकोन पाइन वृक्षांतील हिमवलयांची यादी उद्रेकांच्या यादीशेजारी ठेवली. हे वृक्ष जगातील सर्वांत दीर्घायुषी वृक्षांपैकी असून त्यांतील ‘मथुसेला’ हा वृक्ष ४,८०० हून अधिक वर्षांचा आहे. १८८३ च्या क्राकाताऊ उद्रेकानंतर १८८४ मध्ये, अलास्कातील काटमाईच्या उद्रेकाच्याच वर्षी १९१२ मध्ये आणि बालीतील आगुंगच्या १९६३ मधील उद्रेकानंतर १९६५ मध्ये या वृक्षांत हिमवलये आढळली. इतक्या जुळण्या केवळ योगायोगाने होणे संभवनीय नव्हते.

त्याच निबंधातील इ.स.पू. १६२८–१६२६ या काळातील एका हिमवलयाचा संबंध ग्रीसमधील थेरा (सँटोरिनी) बेटाच्या महाउद्रेकाशी असावा, असे सुचविले गेले आणि त्यावरून पुरातत्त्वज्ञांत दीर्घ वाद झाला. पुढे त्या सुमाराच्या हिमातील गंधक थेराचे नसून अलास्कातील आनियाकचाक ज्वालामुखीचे असल्याचे दिसून आले. हिमवलय खोटे नव्हते, फक्त त्याचा कर्ता वेगळा होता. वृक्ष थंडी पडल्याचे सांगतो. ती कोणत्या पर्वतामुळे पडली हे सांगत नाही, ही मर्यादा या प्रकरणाने चांगलीच अधोरेखित केली.

इ.स. ५३६ : वृक्ष आणि हिम यांतील सात वर्षे

इ.स. ५३६ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात सूर्य निस्तेज झाला. बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस आणि रोमन अधिकारी कॅसिओडोरस या दोघांच्या लेखनात त्याचे वर्णन आहे. आयर्लंडच्या दलदलींतील ओक वृक्षांचा अभ्यास करणारे माईक बेली यांना ५३६ या वर्षीचे आणि त्यानंतर ५४० च्या सुमाराची वलये विलक्षण अरुंद असल्याचे दिसले. ब्रिसलकोन पाइनमध्ये ५३६ चे हिमवलय होते. उत्तर युरोप व सायबेरियातील वृक्षांनीही तेच सांगितले. एवढ्या दूरदूरच्या वनांत एकाच वेळी वाढ खुंटण्याचे कारण ज्वालामुखी असणार, हा तर्क सरळ होता.

अडचण हिमाची होती. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका येथील हिमस्तरांतून खोलवर छिद्रे पाडून हिमाचे लांब दंड काढले जातात. त्यांत उद्रेकांतील गंधकाम्ल वर्षावर्षाच्या थरांत साठलेले असते. या दंडांत ५३६ च्या जागी मोठा उद्रेक सापडेना. ज्या दोन ठळक खुणा होत्या, त्यांची वर्षे साधारण ५२९ आणि ५३३–५३४ अशी लावली गेली होती. त्यामुळे काही जण ५३६ च्या अंधाराचे कारण धूमकेतूच्या वा अशनीच्या आघातात शोधू लागले. स्वतः बेली यांनाही एके काळी तो पर्याय ग्राह्य वाटला होता. नंतर मात्र त्यांनी असे मांडले, की दोन खुणांमधील अंतर वृक्षांत आणि हिमात जवळपास सारखेच आहे, तेव्हा चूक हिमाच्या कालगणनेत असली पाहिजे. पहिल्या सहस्रकातील हिमथरांची वर्षे सुमारे सात वर्षे पुढे सरकविली, की दोन्ही साक्षी जुळतात. हिमतज्ज्ञांनी हे लगेच मान्य केले नाही, आणि त्यात गैर काही नव्हते. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचे कॅलेंडर बदला, असे म्हणण्यासारखेच ते होते.

निर्णय लागला तो तिसऱ्याच वाटेने. २०१२ मध्ये जपानच्या फुसा मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांना जपानी सुगी वृक्षांत ७७४–७७५ या काळात किरणोत्सर्गी कार्बन-१४ ची अचानक वाढ झालेली आढळली. अवकाशातून आलेल्या कणांच्या मोठ्या झोतामुळे, बहुधा एका प्रचंड सौरवादळामुळे ती झाली असावी. असा झोत वातावरणात बेरिलियम-१० हा दुसरा अणूही निर्माण करतो आणि तो हिमात साठतो. म्हणजे वृक्ष आणि हिम या दोन्ही वह्यांत एकाच घटनेची नोंद असणार. मायकेल सिगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमदंडांत बेरिलियमची ती खूण शोधली. ती जुन्या कालगणनेनुसार सुमारे सात वर्षे चुकलेल्या जागी निघाली. २०१५ मध्ये त्यांनी २,५०० वर्षांतील उद्रेकांची सुधारित सूची प्रसिद्ध केली. त्या सूचीत ५३६ व ५४० हे दोन्ही उद्रेक वृक्षांनी सांगितलेल्या जागी बसले.

या सुधारणेनंतर चित्र स्पष्ट झाले. ५३६ चा उद्रेक उत्तर गोलार्धातील उच्च अक्षांशावरचा होता. ५४० चा उष्ण कटिबंधातला व गंधकाच्या दृष्टीने अधिक मोठा. ५४७ मध्ये तिसरा झाला. ५३६ मध्ये युरोपातील जून-ऑगस्टचे तापमान आधीच्या तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड ते अडीच अंशांनी खाली गेल्याचे वृक्षवलयांवरून काढलेले अनुमान आहे. आल्प्स आणि मध्य आशियातील अल्ताई पर्वतांतील वलयांवरून ही थंडी ६६० च्या सुमारापर्यंत लांबल्याचे उल्फ ब्युंटगेन आदी संशोधकांनी दाखविले व त्या कालखंडाला ‘उत्तर-प्राचीन लघु हिमयुग’ असे नाव दिले. जस्टिनियन सम्राटाच्या काळातील प्लेगची साथ ५४१ मध्ये सुरू झाली. तिचा, तसेच साम्राज्यांच्या पडझडीचा संबंध या थंडीशी जोडणारे लेखन विपुल आहे. कालानुक्रम जुळतो, कार्यकारणभाव मात्र त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. ५३६ चा ज्वालामुखी नेमका कोणता, याविषयीही अद्याप एकमत नाही.

याच सुधारित कालगणनेमुळे ज्युलियस सीझरच्या वधानंतरच्या (इ.स.पू. ४४) थंड वर्षांचाही उलगडा झाला. इ.स.पू. ४३ मधील ब्रिसलकोन पाइनचे हिमवलय आणि हिमातील ज्वालामुखीय काच यांची सांगड घालून अलास्कातील ओकमोक हा ज्वालामुखी २०२० मध्ये निश्चित करण्यात आला.

१६००, १७८३ आणि १८१५

पेरूमधील हुआयनापुतिना ज्वालामुखीचा उद्रेक १९ फेब्रुवारी १६०० रोजी झाला. कीथ ब्रिफा, श्वाइनग्रुबर आदींनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घनतेच्या श्रेणीनुसार १४०० नंतरच्या सहा शतकांत उत्तर गोलार्धातील सर्वांत थंड वाढीचा हंगाम १६०१ चा होता. घट सुमारे ०.८ अंश. त्याच वर्षी रशियात बोरिस गोदुनोव्ह याच्या कारकिर्दीत अवेळी हिम पडून पिके बुडाली आणि १६०३ पर्यंत भयानक दुष्काळ पडला. पेरूमधील एक पर्वत आणि मॉस्कोतील उपासमार यांच्यामधील दुवा म्हणून वृक्षवलयांचा पुरावा येथे मोलाचा ठरतो, कारण तत्कालीन रशियनांना पेरूतील उद्रेकाची वार्ताही असण्याचे कारण नव्हते.

आइसलँडमधील लाकी येथील भेगेतून जून १७८३ पासून आठ महिने लाव्हा व वायू बाहेर पडत होते. त्यामुळे गुरे मेली आणि दुष्काळात आइसलँडची सुमारे एक-पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. वायव्य अलास्कातील श्वेत स्प्रूस वृक्षांत १७८३ चे वलय अत्यंत कमी घनतेचे आहे. तेथील इनुइट लोकांच्या मौखिक परंपरेत एका वर्षी उन्हाळा आलाच नाही व बहुतेक माणसे दगावली, अशी कथा आहे. गॉर्डन जेकोबी, रोझॅन डारिगो आदींनी १९९९ मध्ये ही कथा व ते वलय एकत्र मांडले. पुढे पेशीपातळीवर तपासणी झाली, तेव्हा वलयाच्या आरंभीच्या पेशी फारशा वेगळ्या नसून अखेरच्या पेशींच्या भित्तीच तेवढ्या पातळ राहिल्याचे दिसले. म्हणजे सबंध हंगाम थंड नव्हता; तो अखेरीस एकाएकी तुटला. त्यास लाकीच कारणीभूत होता का, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

इंडोनेशियाच्या सुंबावा बेटावरील तांबोराचा एप्रिल १८१५ मधील उद्रेक लिखित इतिहासातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक आहे. १८१६ हे वर्ष युरोप आणि ईशान्य अमेरिकेत ‘उन्हाळ्याविना वर्ष’ म्हणून ओळखले जाते. न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये हिम पडले. त्या वर्षाची कागदोपत्री माहिती इतकी विपुल आहे, की येथे वृक्षवलयांचा उपयोग नवे शोधण्यापेक्षा पद्धतीची पारख करण्यासाठी अधिक होतो. घनतेची श्रेणी १८१६ ची घट नेमक्या वर्षी व तीव्रतेने दाखविते, तर रुंदीची श्रेणी तीच घट पुढील वर्षांत पसरवून सौम्य करते.

१२५७ चे कोडे व गहाळ वलयांचा वाद

हिमदंडांतील गंधकावरून पाहता गेल्या दोन हजार वर्षांतील सर्वांत मोठ्या उद्रेकांत १२५७ च्या उद्रेकाची गणना होते. त्याचा ज्वालामुखी कित्येक दशके अज्ञात होता. २०१३ मध्ये तो इंडोनेशियाच्या लोंबोक बेटावरील सामालास असल्याचे सिद्ध झाले. ताडपत्रांवरील ‘बाबाद लोंबोक’ या बखरीत त्या विध्वंसाचे वर्णन आहे.

एवढ्या मोठ्या उद्रेकानंतर तापमान दोन अंशांहून अधिक घसरले असावे, असे काही संगणकीय प्रारूपे सांगत होती. वृक्षवलयांत मात्र तेवढी घट दिसत नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ मायकेल मान व सहकाऱ्यांनी याचे एक धाडसी स्पष्टीकरण दिले. त्यांच्या मते त्या वर्षी वृक्षसीमेवरील थंडी इतकी होती, की अनेक वृक्षांत वलय तयारच झाले नाही. ते वर्ष गणतीतून सुटले व त्याआधीची वर्षे एकेकाने सरकली. सरकलेल्या श्रेण्यांची सरासरी काढली, की थंडीची खूण पुसट होणारच.

हा प्रश्न केवळ एका वर्षाचा नव्हता. वृक्षवलये उद्रेकांची थंडी कमी दाखवीत असतील, तर वातावरणातील बदलांना पृथ्वीचे तापमान किती प्रतिसाद देते याविषयीचे, त्यांच्यावर आधारलेले अंदाजही कमी पडणार, आणि भविष्यातील तापमानवाढीच्या आकड्यांपर्यंत त्याचे पडसाद जाणार. दुसऱ्या बाजूला, वर्षाची अचूकता हाच ज्या शास्त्राचा प्राण, त्याच्या मुळावरच हा आक्षेप होता. केविन अँचुकाइटिस यांच्यासह अनेक वृक्षवलयतज्ज्ञांनी त्यास संयुक्त उत्तर दिले. सबंध प्रदेशातील सर्व वृक्षांत एकाच वर्षी वलय गहाळ झाल्याचे एकही उदाहरण उपलब्ध नाही. परस्परजुळणी हे तंत्र नेमके अशीच चूक पकडण्यासाठी आहे. आणि शीत प्रदेशांतील वृक्षांत गहाळ वलये मुळातच दुर्मीळ असतात, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादातही ७७५ च्या कार्बन-१४ ने निवाडा केला. १२५८ चे वलय खरोखरच सुटले असते, तर त्याआधीच्या सर्व वर्षांचे क्रमांक चुकले असते व ७७४–७७५ ची खूण निरनिराळ्या श्रेण्यांत निरनिराळ्या वर्षी दिसली असती. २०१८ मध्ये पाच खंडांतील ४४ श्रेण्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. खूण सर्वत्र एकाच जागी होती. तरीही मान यांचा मूळ प्रश्न सर्वस्वी निराधार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. रुंदीवर आधारलेल्या श्रेण्या थंडी सौम्य करून दाखवितात, हे नंतर सर्वमान्य झाले, आणि प्रारूपांतही गंधकाम्लाच्या थेंबांचा आकार व आयुष्य यांत सुधारणा कराव्या लागल्या. मोठ्या उद्रेकात थेंब एकमेकांना चिकटून जाड होतात, लवकर खाली बसतात आणि सूर्यप्रकाश तितकासा परतवीत नाहीत. २०१७ मधील एका अभ्यासानुसार सामालासनंतरची थंडी सर्वत्र सारखी नव्हती. पश्चिम युरोप, सायबेरिया व जपान येथे ती तीव्र होती, तर अलास्का आणि उत्तर कॅनडा सरासरीपेक्षा उबदार होते.

उद्रेकात मेलेले वृक्ष

काही वेळा वृक्ष उद्रेकाचा दूरचा साक्षीदार नसून त्याचा बळी असतो. चीन व उत्तर कोरिया यांच्या सीमेवरील चांगबाई (पेक्तू) पर्वताच्या महाउद्रेकात एक लार्च वृक्ष तप्त राखेखाली गाडला गेला. त्याच्या काष्ठात ७७५ ची कार्बन खूण सापडली. तेथून सालीपर्यंत वलये मोजली असता वृक्ष ९४६ मध्ये मेल्याचे निश्चित झाले. त्यापूर्वी या उद्रेकाचा काळ दशकांच्या अनिश्चिततेने सांगितला जात असे.

मर्यादा

वृक्षवलये मुख्यतः वाढीच्या हंगामाचीच माहिती देतात. हिवाळ्याविषयी ती जवळजवळ मूक असतात. दक्षिण गोलार्धात श्रेण्या कमी असून तेथील उद्रेकखुणाही क्षीण आहेत. त्यातच सूर्यप्रकाश विखुरल्याने पानांच्या सावलीतील भागालाही उजेड मिळतो व प्रकाशसंश्लेषण वाढते. पिनाटुबोनंतर अमेरिकेतील एका पानझडी वनात अशी वाढ मोजली गेली होती. हा परिणाम थंडीच्या खुणेला झाकतो का, याचा वलयांत शोध घेण्यात आला. तथापि उद्रेकांनंतर वलये रुंद झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

आशियाई मोसमी प्रदेश आणि भारत

उष्ण कटिबंधात थंडीने वाढ थांबत नसल्याने वड, आंबा यांसारख्या वृक्षांत वलये सहसा मोजण्याजोगी स्पष्ट नसतात. साग हा महत्त्वाचा अपवाद आहे. कोरड्या महिन्यांत त्याची पाने झडतात आणि पावसाबरोबर नवे काष्ठ मोठ्या छिद्रांच्या ठळक पट्ट्याने सुरू होते. त्यामुळे सागाचे वलय तापमानाची नव्हे, तर मोसमी पावसाची नोंद करते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवर दीर्घकाळ संशोधन झाले असून, एच. पी. बोरगावकर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केरळमधील सागाची ५२३ वर्षांची श्रेणी प्रसिद्ध केली. तीत एल निनोशी निगडित अवर्षणाच्या वर्षी अरुंद वलये आढळतात. हिमालयातील देवदार व अन्य सूचिपर्णी वृक्षांवर पुण्याप्रमाणेच लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतही काम झाले आहे. महाराष्ट्राचे पठार ज्या लाव्हाने बनले, ते उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे असल्याने या पद्धतीच्या कक्षेत येत नाहीत, हे ओघाने आलेच.

उद्रेकानंतर भूभाग समुद्रापेक्षा अधिक थंड होतो, त्यांच्या तापमानातील फरक घटतो व मोसमी वारे मंदावतात, असे सैद्धांतिक अनुमान आहे. आशियातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षांवरून तयार केलेल्या अवर्षणांच्या नकाशासंग्रहाचा उपयोग करून अँचुकाइटिस व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याची परीक्षा घेतली. उद्रेकाचे प्रत्येक वर्ष शून्य मानून सर्व उद्रेकांच्या आधीची व नंतरची वर्षे एकमेकांवर ठेवली असता, मध्य आशिया कोरडा, तर आग्नेय आशियाचा भूभाग नेहमीपेक्षा ओला झाल्याचे दिसले. त्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या प्रारूपाचे उत्तर बहुतांशी याच्या उलट होते. उद्रेकांच्या सुमारास अनेकदा एल निनोची स्थितीही असते आणि दोहोंचा पावसावरील परिणाम वेगळा काढणे कठीण जाते, हे या विसंगतीचे एक संभाव्य कारण मानले जाते.